छातीचा फोटो आणि आत्याचा सहावा कप

गेल्या महिन्यात पुण्यात माझ्या पाठीचा एमआरआय काढला. मशीन म्हणजे भिंतीत आडवा बसवलेला एक पांढरा रांजण. त्यात माणसाला फळीवर निजवून सरकवतात आणि बाहेरून कोणीतरी पत्रा बडवतंय असा आवाज सुरू होतो. आत जाण्याआधी तिथल्या मुलीनं हातातली यादी वाचायला घेतली. बांगड्या? काढल्या. गळ्यातलं? काढलं. शरीरात कुठं लोखंड, स्क्रू, पट्टी? माझ्या माहितीत नाही. शेवटी ती म्हणाली, "आणि काकू, केसात काही? आकडे, पिना, क्लिपा?"

मला हसू आलं ते थांबेना.

"काकू, आत हसू नका हं. हललात तर फोटो बिघडतो."

तिला काय सांगणार? माझ्या केसांची ही चौकशी सत्तावीस वर्षं उशिरा होत होती. तेव्हा जिथं विचारायला हवं होतं तिथं कोणी विचारलं नाही, आणि आता विचारतायत तर डोक्यावर विचारण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मग त्या रांजणात न हलता पडून राहायचा सगळा वेळ मी बहात्तर सालात घालवला. तिथं हसायला मनाई नव्हती, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. आमचं गाव राहात्याजवळ. वडील पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी आणि किती सोडायचं ते बघणारा माणूस. त्या वर्षी कालव्यात पाणीच नव्हतं, त्यामुळे आबा कोरड्या पाटावरून चालून यायचे आणि पाट जागेवर आहे असं वर कळवायचे. अशात मला प्राथमिक शिक्षिकेची ऑर्डर आली. शाळा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिसगावच्या पुढं एका वाडीवर. ऑर्डरच्या कागदावर दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. पंधरा दिवसांत हजर व्हावे, न झाल्यास यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल. आणि हजर होताना छातीच्या एक्सरेसह वैद्यकीय दाखला आणावा.

पुढील उमेदवार कोण ते मला माहीत होतं. माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं मागं असलेली एक मुलगी. ती मला वाटेत भेटली की फार आपुलकीनं तब्येत विचारायची.

दाखल्यासाठी मी नगरला आत्याकडे उतरले. आत्या आबांची धाकटी बहीण. लग्न होऊन शहरात आली आणि पहिल्या महिन्यातच 'न्हाई'ची 'नाही' करून टाकली. तिच्या घरात सहा कप होते, निळ्या फुलांचे, भिंतीतल्या फळीला कानांनी लटकवलेले. सहाव्या कपाचा कान तुटका, म्हणून तो उपडा ठेवलेला. हे कप लक्षात ठेवा.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. ती इमारतही आता उरलेली नाही. एक्सरेची खोली मागच्या बाजूला होती, खिडक्यांना काळं कापड मारलेली. एक्सरे काढणारे गृहस्थ पन्नाशीचे, कपाळावर बुक्का, आणि सगळ्या दवाखान्यात त्यांच्या सभ्यपणाचा लौकिक. बाईमाणूस आत आली की ते तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहायचे आणि भिंतीलाच सूचना द्यायचे. प्रत्यक्ष काम आयाबाई करायच्या. त्यांनी पेशंटला एक्सरेच्या पाटीला चिकटवायचं, खांदे पुढं ढकलायचे, हनुवटी वर करायची आणि "झालं साहेब" म्हणायचं. मग साहेब भिंतीकडे बघतच आडोशामागं जायचे आणि बटण दाबायचे. या पद्धतीनं तिथं कित्येक वर्षं सुरळीत काम चाललं होतं.

मी बांगड्या काढल्या, गळ्यातली साखळी काढली, दंडातला ताईतसुद्धा सोडला. आयाबाईंनी मला दवाखान्याचा झगा दिला. तो कोणा धिप्पाड पुरुषासाठी शिवलेला असावा. बंद तुटलेले आणि गळा पार खाली उतरलेला. मी दोन्ही हातांनी तो गळा गोळा करून धरला.

"आयाबाई, झालं का?" भिंतीकडून आवाज आला.

"थांबा वो साहेब, पोर लाजतीय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हात कमरेवर ठिवावं लागत्यात बाय. ही येवढी येनी दिलीय देवानं, ती घे की फुडं. झाकंल तेवढं झाकंल."

माझी वेणी त्या काळी गावात प्रसिद्ध होती. मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली पोचणारी, खोबरेल तेलानं रोज चोपडलेली. मी ती उजव्या खांद्यावरून पुढं घेतली. झग्याचा प्रश्न सुटला. आयाबाईंनी मला त्या गार पाटीला वेणीसकट चिकटवलं.

"श्वास घ्या," भिंत म्हणाली. "धरा. सोडा."

मी धरलेला श्वास सोडायचं विसरले. आयाबाईंनी पाठीत थाप मारली तेव्हा सुटला.

दोन दिवसांनी, गुरुवारी, डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात एका हातानं धरली. दुसऱ्या हातानं ते पुढच्या पेशंटच्या पोटावर टकटक करत होते. त्यांचाही दोष म्हणवत नाही, दारात रांग होती.

"खोकला आहे?"

"नाही."

"रात्री ताप? घाम?"

"नाही."

"येईल," डॉक्टर म्हणाले. "उजव्या बाजूला वरती पट्टा दिसतोय. क्षयाचा संशय आहे. औषध सुरू करा, तीन महिन्यांनी परत फोटो काढू. तोवर दाखला देता येणार नाही."

माझ्या हातात चार दिवस होते. सोमवार शेवटचा. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांच्या शाळेत पाठवू का तुम्हाला या छातीनं?" खाकी पाकिटात छाती घालून मी आत्याच्या घरी आले.

संध्याकाळी चहा झाला. आत्यानं सगळ्यांना कप दिले. माझ्यासमोर कान तुटलेला कप आला.

"तसं काही नाही हं," आत्या म्हणाली. "सहज."

रात्री माझं अंथरुण पडवीत पडलं. "वारा लागेल तिथं चांगला," आत्या म्हणाली. शुक्रवारी सकाळपर्यंत गल्लीला कळलं आणि बायका छातीचा फोटो बघायला यायला लागल्या. आत्याला रोगाची भीती होती, पण घरात फोटो आहे याचा अभिमानही होता. तिनं तो खिडकीच्या गजाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावला आणि मला दाराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं. वस्तू आत, मालकीण बाहेर.

समजावून सांगायचं काम आत्याच्या यजमानांनी घेतलं. त्यांना मी मामा म्हणायची. ते एका कापडाच्या दुकानात हिशेबनीस होते आणि इंग्रजी पेपर वाचत असल्यामुळे गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी फुटपट्टी घेतली.

"हे काळं काळं दिसतंय ना दोन्हीकडं? हा रोग. पार भरलाय."

"अगं बाई! केवढा तो!"

"आणि मधे पांढरं आहे तेवढंच शाबूत राहिलंय."

"आणि हे खाली लटकतंय ते काय वो?"

मामांनी जरा विचार केला. "किडनी," ते म्हणाले.

मी उंबऱ्यावरून ऐकत होते. तोवर मलाही त्या फोटोतलं काही कळत नव्हतं, पण शेजारची एक बाई जाता जाता म्हणाली, "तरी बाई जित्या माणसाची वाटत न्हाई छाती," तेव्हा मी उठून आत गेले, नीट निरखून बघितलं आणि मामांना म्हटलं, फोटो उलटा लावलाय. किडनी म्हणून दाखवलेला तो माझा खांदा होता.

दुपारच्या एस्टीनं आबा आले. आत्यानं तार केली होती. आबांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि फिल्म घेऊन उंबऱ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. आत्या आतून म्हणाली, "दादा, जरा लांब बस." आबा आणखी जवळ सरकले.

"डाक्टर काय म्हनला? काळं वाईट का पांढरं वाईट?"

"पट्टा म्हणाले. उजवीकडे वरती."

"मंजी पांढरं वाईट. काळं समदं हवाच असंल, मोकळी." आबांनी फिल्म आभाळाकडे धरली. फिल्मच्या कोपऱ्यात उजव्या बाजूची खूण होती, ती मी त्यांना दाखवली. समोर माणूस उभा राहिल्यावर त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, तसंच ते होतं. त्या बाजूला काळ्या फुफ्फुसावरून खरंच एक पांढरट पट्टा उतरत होता. आबांनी बोट धोतराला पुसलं आणि फिल्मला न टेकवता त्या पट्ट्यावर धरलं.

बाकी सगळेजण डाग जिथं होता तिथंच बघत होते. आबांनी आयुष्यात तसं कधी केलं नव्हतं. शेतात पाणी साचलं, पीक पिवळं पडलं, शेतकरी बोंब मारत आला की आबा त्या शेतात जातच नसत. ते पाट धरून वर चालायला लागायचे.

"साचलंय तिथं बघून काय उपेग?" ते म्हणाले. "फुटलंय कुठं ते वर गावतं."

त्यांचं बोट वर निघालं. एक बरगडी ओलांडली, दुसरी ओलांडली. गळ्याखालचं आडवं हाड आलं. पट्टा त्या हाडावरूनही पुढं गेला. फुफ्फुस संपलं. पट्टा संपला नाही. तो खांद्यावर चढला, मानेच्या कडेला लागला आणि तिथून फिल्मबाहेर पडला.

आबांनी फिल्मची कडा जवळ घेऊन बघितली. मग म्हणाले, "ह्यो पाट तर शिवंच्या भायेर गेला."

"म्हणजे?"

"मंजी छातीतला न्हाई ह्यो. वरनं येतो. रोग छातीत आन् त्याचा उगम मानंत, आसं कसं आसंल?" आता बोट खाली निघालं. पट्टा सरळ नव्हता. थोड्या थोड्या अंतरावर फुगत होता आणि आवळत होता, दोर वळल्यासारखा. "आन् ह्यो वळलेला दिसतोय. कुनीतरी हातानं वळलाय ह्यो."

मी चिंतेत असले की वेणी पुढं घेऊन तिचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. तेव्हाही तेच करत होते. मी खाली बघितलं. मग फिल्मकडे बघितलं. मग पुन्हा खाली. उजव्या खांद्यावरून. फुगत, आवळत.

मी फिल्म आबांच्या हातातून घेतली, वेणी तिच्यावर ठेवली आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आत्याला वाटलं रक्ताची गुळणी आली. ती तांब्या घेऊन धावत आली आणि चार हातांवर थांबली.

शनिवारी सकाळी मी आणि आबा दवाखान्यात पहिले होतो. मी डॉक्टरांपुढं फिल्म ठेवली.

"साहेब, एक विचारू? क्षय मानेवर चढतो का?"

"काय?"

"हा पट्टा गळ्याच्या हाडाच्या वर गेलाय. तिथं फुफ्फुस नाही. खाली तर तो पिळाचा आहे."

"तुम्ही आता मला एक्सरे वाचायला शिकवणार?" डॉक्टरांनी फिल्म उचलली. दोन्ही हातांनी उचलली, हे मी पाहिलं. खिडकीशी गेले. फिल्म खालपासून वरपर्यंत बघितली. मग पाठमोरेच म्हणाले, "वेणी किती लांब आहे तुमची?"

मी वळून दाखवली. डॉक्टरांनी आयाबाईंना बोलावलं.

"फोटोच्या वेळी हिची वेणी कुठं होती?"

आयाबाईंनी माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. "फुडं हुती साहेब. मीच म्हनलं घे फुडं. त्यो झगा बघितलाय का तुमी कधी? माझ्या पोरीला घालनार न्हाई मी त्यो. चार डाव सांगितलं, बंद लावून द्या म्हनून."

"आणि एक्सरेवाले काय करत होते?"

"त्ये भिताडाकडं बघत हुते," आयाबाई म्हणाल्या. "लई सभ्य मानूस."

दुसरा फोटो काढायचा तर मोठ्या फिल्म संपल्या होत्या. मंगळवारी येतील, असं कळलं. सोमवार शेवटचा. आबा उठून उभे राहिले. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक लाल काचांचा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"स्क्रीनिंग करू," ते म्हणाले. "फिल्म लागत नाही, छाती पडद्यावर थेट दिसते. पंधरा मिनिटं थांबा. डोळे अंधाराला तयार व्हावे लागतात."

पंधरा मिनिटं डॉक्टर तो लाल चष्मा घालून पेशंट तपासत होते. त्या वेळात आलेल्या एका म्हातारीला तो वेताळाचा अवतार वाटला आणि ती तपासून न घेताच निघून गेली.

मग आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. या वेळी आयाबाईंनी स्वतःचं लुगडं कापून लावलेले दोन बंद झग्याला होते. मी एका पडद्यामागं उभी राहिले. पलीकडे डॉक्टर. मशीन घूं करायला लागलं आणि पडद्यावर हिरवट उजेड आला. मला माझी छाती दिसत नव्हती, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तिचा उजेड पडलेला दिसत होता.

"वेणी मागं," डॉक्टर म्हणाले.

मी मागं टाकली.

"पुढं."

पुढं घेतली. डॉक्टरांच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला.

"मागं. पुढं. डावीकडून घ्या. आता मागं."

माझा क्षय उजव्या फुफ्फुसातून डाव्यात गेला आणि तिथून पाठीवर गेला. डॉक्टरांनी एक्सरेवाल्यांना आत बोलावलं. "बघा," ते म्हणाले. "भिंतीकडं नको, इकडं बघा."

ते गृहस्थ पडद्यासमोर आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "बाई, माफ करा." इतक्या वर्षांत त्यांनी समोर बघून उद्गारलेलं ते बहुधा पहिलं वाक्य असावं. अर्थात ते बोलले तेही माझ्या बरगड्यांशीच.

दाखला अकरा वाजता मिळाला. उभय फुफ्फुसे निर्दोष. मी सोमवारी सकाळी तिसगावला उतरले, तिथून वाडीवर चालत गेले आणि घंटा व्हायच्या आत हजर झाले. पुढील उमेदवारास त्या वेळी संधी मिळाली नाही. तिला पुढच्या यादीत मिळाली, आणि आता आमचं चांगलं आहे. ती अजून तब्येत विचारते.

जुनी फिल्म डॉक्टर फेकणार होते, ती मी मागून घेतली. दुष्काळात शाळेला तक्ते मिळत नव्हते. माझ्या पहिल्या वर्गानं माणसाच्या बरगड्या माझ्यावर मोजल्या. वेणीवर बोट ठेवून पोरं विचारायची, "बाई, ह्यो दोर कसला?" मी सांगायची, तो दोर कुठून येतो ते आधी वर जाऊन बघा.

एमआरआयचा निकाल आला तेव्हाही मी डॉक्टरांना तेच विचारलं. पायात मुंग्या येतात खाली, पण दाबलं गेलंय कुठं वर? त्यांनी फिल्मवर कमरेचा एक मणका दाखवला. त्यांना प्रश्न आवडला. मला उत्तर तितकंसं आवडलं नाही, पण ते वेगळं.

आत्याचं राहिलं. शनिवारी दाखला घेऊन आम्ही तिच्याकडे ट्रंक न्यायला गेलो. दाखला मामांनी मोठ्यानं वाचला, दोनदा. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. "माझी पोर गं!" म्हणाली, गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि चहा केला. आबांना कानाचा कप, मामांना कानाचा कप, मला कान तुटलेला.

"अगं, निर्दोष आहे ना ती," मामा म्हणाले.

"हो की. तसं काही नाही," आत्या म्हणाली. "सहज."

मी चहा प्यायले. मग कधी नव्हे ते घरकामाला हात लावला. सगळे कप मोरीवर नेले, घासले, कोरडे केले. बाकीच्या पाचांतला एक दगडावर हलकेच टेकवला, त्याचाही कान गेला. ते दोन्ही कप मी फळीवर शेजारी शेजारी उपडे ठेवले, आत्याच्या पाया पडले आणि एस्टी गाठली.

आबा म्हणाले, त्यांनी वळून बघितलं तेव्हा आत्या ते दोन कप दोन हातांत घेऊन फळीसमोर उभी होती. पातेल्यात पाणी तापायला ठेवलं होतं.